'उघड गुपित', 'बोलके मौन' अशा परस्परविरोधी शब्दांच्या जोडीला मराठीत कोणता अलंकार म्हणतात?

विरोधाभास. यातला 'आभास' महत्त्वाचा, कारण विरोध फक्त वरवरचा असतो. गुपित उघड कसं? तर सगळ्यांना माहीत आहे, पण बोलत कुणीच नाही. असा अर्थ लागला की विरोध मिटतो. तो मिटतच नसेल तर अलंकार नाही, नुसती चूक. संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथांपैकी मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त हाच अलंकार 'विरोध' या नावाने येतो. अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त 'विरोधाभास'.

इंग्रजीत दोन शब्दांच्या जोडीला ऑक्सिमोरॉन आणि अख्ख्या विधानाला पॅराडॉक्स अशी वेगळी नावं आहेत. आपल्याकडे दोन्ही विरोधाभासातच मोडतात. म्हणजे 'बोलके मौन' विरोधाभास आणि शाळेच्या व्याकरणात हमखास भेटणारं 'जरी आंधळी मी तुला पाहते' हेही विरोधाभासच.

परीक्षेसाठी विचारत असाल तर एक सांभाळा: 'सुखदुःख', 'खरेखोटे' यांत विरुद्धार्थी शब्द असले तरी तो द्वंद्व समास. तिथे दोन शब्द शेजारी उभे असतात, एकमेकांना छेद देत नाहीत. 'कडूगोड आठवणी' मात्र मला सीमेवरचं उदाहरण वाटतं. समास तर आहेच, पण एकच आठवण कडूही आणि गोडही म्हणायची असेल तर विरोधाभासही म्हणता येईल.