कविता तुमची, चित्रं तिची

या खेपेच्या पत्रांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा आलंय. काम दोघा-तिघांनी मिळून केलं, सगळं ऑनलाइन, आणि आता कुठेतरी अडलंय. त्यातली चार पत्रं घेतो.

प्रश्न : माझी कविता, मैत्रिणीची चित्रं आणि एका मित्राची चाल अशी चार मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म आम्ही केली. करारबिरार काही नाही. आता मैत्रीण त्याच चित्रांची कॅलेंडरं छापून विकणार म्हणते. फिल्म तिघांची, मग तिला एकटीला हे करता येईल का? (कोल्हापूर)

येईल. कायद्याला अभिप्रेत असलेलं 'संयुक्त कर्तृत्व' आपल्या समजुतीपेक्षा बरंच अरुंद आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, दोघांचं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल तरच ते संयुक्त. दोघींनी मिळून एकच चित्र रंगवलं असतं, तर गोष्ट वेगळी. इथे कविता सुटी आहे, चित्रं सुटी, चाल सुटी. ही कविता उद्या तुमच्या संग्रहात घ्याल, तेव्हा तिला विचारणार आहात का? मग तिनेही का विचारावं? मात्र कॅलेंडरवर तुमची एक ओळ जरी छापायची असेल, तर तुमची परवानगी लागेल. (पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा हिशेब निराळा: वेगळं काही ठरलं नसेल, तर ते काढून घेणाऱ्याचं मानलं जातं. पण तुमच्या पत्रात पैशांचा उल्लेखच नाही.)

आता राहिली अख्खी फिल्म. तिचा कर्ता कायद्याच्या नजरेत निर्माता, म्हणजे जिने किंवा ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली ती व्यक्ती. तुमच्यात ती कोण? जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चाळा. 'कधी होतंय?' असं सारखं कोण विचारत होतं, ते दिसेल. तिघंही होतात, तर तिघं निर्माते. तसं आजच लिहून ठेवा.

लिहिताना दोन रकाने रिकामे सोडू नका. हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल, तर फक्त भारत. इंटरनेटवरच्या फिल्मला 'फक्त भारत' म्हणजे गंमतच. आणि श्रेयनामावलीतली नावं नीट लिहा. हक्क विकून टाकले तरी 'हे माझं आहे' म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

मी तुमच्या जागी असतो, तर कॅलेंडरच्या तळाशी फिल्मचं नाव छापून घेतलं असतं आणि वीस प्रती मागितल्या असत्या.

प्रश्न : मी कॉमिक्स काढतो. लेखक मजकूर पाठवतात, तो माझ्याकडे उघडला की 'प्र'चा 'प् र' होतो आणि वेलांटी भलत्याच बाजूला जाते. कधी कधी तर नुसती इंग्रजी अक्षरंच दिसतात. (नागपूर)

हे दोन वेगळे आजार आहेत. इंग्रजी अक्षरं दिसतात तो मजकूर युनिकोडच्या (सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या, जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तिथे साठवलेली असतात इंग्रजी चिन्हं, फक्त त्यांच्या अंगावर देवनागरीचा सदरा. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा, कारण रफार आणि 'ऱ्या' हमखास घसरतात. त्यापेक्षा लेखकालाच युनिकोडमध्ये टाइप करायला सांगणं बरं.

जोडाक्षरं तुटतात तेव्हा दोष मजकुरात नसतो, तुमच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये असतो. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा, म्हणजे नवा मजकूर नीट बसेल.

फाँट असा घ्या की त्याची फाइल सगळ्यांना बिनदिक्कत देता येईल. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' खुल्या परवान्याचे आहेत. पण 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात की हिंदी, ते पहिल्या पानालाच तपासा. चाळीस पानं झाल्यावर संपादक बोट ठेवतो तेव्हा रडू येतं. आणि अक्षरांच्या बाह्यरेषा (म्हणजे नुसते आकार) करून टाकायची घाई नको. मजकूर जिवंत असलेली प्रत जपून ठेवा, कारण लेखकाला ऱ्हस्व-दीर्घाची चूक नेमकी छपाईच्या आदल्या रात्रीच सापडते. मी स्वतः लिहितो, म्हणून सांगतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते, संगीतकार पुण्यात. मी घरी गाऊन पाठवते. तिकडे माझा आवाज लहान मुलीसारखा लागतो आणि गाणं वेळेआधीच संपतं. त्यांना वाटतं मी चढ्या पट्टीत गाते!

तुमचा गळा निर्दोष आहे. तुमचं रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने टिपणारं) असणार आणि त्यांचा प्रोजेक्ट ४८चा. फाइल रूपांतर न करता तशीच ४८ने वाजवली की चार मिनिटांचं गाणं सुमारे वीस सेकंद आधी संपतं आणि सूर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या वाटेला लागतं. दोघांनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठरवून टाका.

एमपी३ पाठवू नका. त्यात सुरुवातीला शांततेचा बारीक तुकडा चिकटतो आणि तबल्याशी समेवर गाठ पडत नाही. डब्ल्यूएव्ही पाठवा, तुम्ही तिसऱ्या मिनिटाला गायला सुरुवात करत असलात तरी गाण्याच्या शून्यापासून. क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, फक्त हेडफोनवर ऐका.

भेटीची वेळ पुण्याच्या घड्याळाने ठरवा. त्यांचे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तुमचे सकाळचे साडेअकरा. नोव्हेंबरात तुमचं घड्याळ मागे गेलं की साडेदहा.

प्रश्न : मी निवृत्त कलाशिक्षक. भाच्याच्या मित्राबरोबर मुलांसाठी चित्रकथा करतोय. मी शाईने काढून फोनवर फोटो पाठवतो, तो संगणकावर रंगवतो. पण माझ्या रेषा 'स्वच्छ' करतो आणि त्यांचा जीव जातो. मुलगा गुणी आहे, दुखवायचं नाही. (सावंतवाडी)

सर, तुमच्या रेषेचा कंप त्याला बहुधा फोटोतली घाण वाटत असेल. फोनच्या फोटोत कागदावर सावली पडते, कडा फुटतात. मग तो सॉफ्टवेअरकडून रेषा गिरवून घेतो आणि सॉफ्टवेअर ती इस्त्री केल्यासारखी करतं. गावात झेरॉक्सवाल्याकडे स्कॅनर असेलच. ६०० डीपीआय, ग्रेस्केल सांगा. मुलाला म्हणावं, तुमची रेषा सगळ्यात वरच्या लेयरवर 'मल्टिप्लाय' करून कुलूपबंद ठेव आणि रंग खालच्या लेयरवर भर. कागदाचा पांढरा नाहीसा होतो, शाई राहते, रेषेला हात लावायची गरजच उरत नाही.

हे मेसेजवर लिहू नका, फोन करा. आणि एक मूळ पान त्याला पोस्टाने पाठवून द्या, मागेपुढे पुठ्ठा घालून. बोरूची शाई त्याने कदाचित अजून हातात धरून पाहिलेलीच नसेल.