महाराष्ट्रातल्या मुलांची परिस्थिती गेल्या तीस वर्षांत सुधारली का? आणि कोकणात कुपोषण नाहीच, हे खरं का?

तुम्ही विचारलंय की बालमृत्यू घटले, पोरं शाळेत जाऊ लागली, तरी मुलांचं काही खरं नाही असं लोक का म्हणतात. आणि पुढे, कोकण तर दहावीच्या निकालात दरवर्षी पहिला, मग तिथे मुलांचे प्रश्न उरलेत तरी कुठे?

मी सिंधुदुर्गात एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका होते. १९९२ साली लागले, २०२१ मध्ये निवृत्त झाले. मी लागले तेव्हा आमच्या पदाला मुख्यसेविका म्हणत. पंचवीसेक अंगणवाड्या माझ्याकडे असत, त्यातल्या निम्म्या वाड्यांना गाडीरस्ता नव्हता. आकडे सांगतेच, पण त्यांच्या जोडीला वजनकाट्यावर जे पाहिलं तेही सांगते.

चांगलं आधी, कारण ते खरोखर मोठं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे पन्नासेक बाळं वर्षाच्या आत जात होती. २००५-०६ मध्ये हा आकडा ३८ झाला, २०१५-१६ मध्ये २४. सरकार दरवर्षी निवडक भागांतले जन्म-मृत्यू मोजतं, त्या नमुना नोंदणीची पद्धत वेगळी आहे, पण तिच्यातही २०२० चा आकडा १६ आहे. मी नोकरीला लागले तेव्हा ज्या घरात एखादं मूल गेलेलं नाही असं घर वाडीत शोधावं लागे. आई नाव-गाव सांगताना 'पाच झाली, तीन आहेत' असं सहज सांगायची. निवृत्तीच्या आधीच्या दहा वर्षांत असं वाक्य मी क्वचितच ऐकलं.

हे कसं झालं? बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २००५-०६ मध्ये शंभरातली ६५ होत होती, २०१९ मध्ये ९५. आशाताई आल्या, २०१४ पासून १०८ ची गाडी आली, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा विशेष कक्ष झाला. फारच अवघड झालं तर आमच्याकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात धावतात. आणि एक गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये. आशाने घरी जाऊन बाळाला तपासायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून सिद्ध केली. १९९९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभर ती पद्धत गेली. मुलींची लग्नंही उशिरा होऊ लागली. अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, २०१९ मध्ये २२ वर आलं. बावीसही फार आहे, पण उतार खरा आहे.

आता जिथे गाडी अडकली ते.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांत वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं २००५-०६ मध्ये ३७ टक्के, २०१५-१६ मध्ये ३६, २०१९ मध्ये ३६. चौदा वर्षांत एक टक्का. उंचीत खुजी राहिलेली मुलं ४६ वरून ३४ वर आली आणि तिथून ३५ वर गेली. उंचीच्या मानाने लुकडी मुलं १६.५ टक्क्यांवरून २५.६ वर चढली आणि तिथेच थांबली. लहान मुलांतला रक्तक्षय २०१५-१६ मध्ये ५४ टक्के होता, पुढच्या पाहणीत ६९. बोटातून काढलेल्या थेंबावर मोजलेला हा आकडा थोडा मागेपुढे होऊ शकतो, पण तो कमी झालेला नाही एवढं नक्की.

बरेच जण हे सगळं कोविडवर ढकलतात. तसं करू नका. या कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीची महाराष्ट्रातली मोजणी २०१९ मध्येच उरकली होती. आपण थांबलो ते टाळेबंदीच्या आधीच.

तीस वर्षांचा आलेख काढणार असाल तर आणखी एक जपा. आम्ही सुरुवातीला फक्त वजनावरून कुपोषणाची श्रेणी १, २, ३, ४ लिहायचो, आकडा मोठा तेवढं मूल अशक्त. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वाढीचे नवे मापदंड आणले, मग आमचे तक्ते बदलले, रंग आले, पुढे सॅम-मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषण, असं आलं, दंडाचा घेर मोजायची पट्टी आली. जुन्या वहीतलं श्रेणी ३ चं मूल आणि आजचं 'सॅम' मूल एकाच रेषेवर ठेवलं तर आलेख फसवा निघेल.

मला स्वतःला जे कळलंय ते असं. मूल जगवायला जे लागतं ते बरंचसं एका दिवसात करता येतं. बाळंतपण एक दिवसाचं, लस एका सकाळची, गाडी एका फोनवर. सरकार मनावर घेईल तर ते जमतं, आणि आपल्याला जमलं. मूल वाढायला मात्र रोज, दिवसातून चार-पाच वेळा, कोणीतरी त्याच्यासमोर बसावं लागतं. त्याची योजना कागदावर येते, घरात येत नाही.

एक घर सांगते. पावसाचे दिवस, पऱ्या, म्हणजे ओढा, भरलेला, साकवावरून पलीकडे गेलो. चौदा महिन्यांची मुलगी, आजीच्या कडेवर, हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. बाप मुंबईत, आई काजूच्या कारखान्यात, सकाळी साडेआठला गेली की संध्याकाळी सातला घरी. दंडाची पट्टी पिवळ्यावर, म्हणजे मध्यम कुपोषण. आजी म्हणाली, "चेडू खाता मगे बाय, पण अंगाक लागणा नाय." मी म्हटलं, आजी, सकाळपासून काय काय दिलंत ते सांगा. चहात बुडवलेलं बिस्कीट. मग पेजेची वरची निवळ. दुपारी आमटीभाताचे तीन-चार घास, तेही आजीच्या ताटातले. मग पुडा. मग आई येईपर्यंत झोप.

त्या घरात नाचणी होती, कुळीथ होते, डब्यात सुका जवळा होता, कोंबडी अंड्यांवर बसली होती. दारात नारळ होते. गरिबी होती, पण उपासमार नव्हती. नव्हता तो वेळ. आजीला गाय होती, पाणी होतं, चूल होती, वरकस जमिनीतलं काम होतं. चौदा महिन्यांच्या पोराचं पोट त्याच्या मुठीएवढं. त्याला घट्ट पेज, त्यात तूप किंवा ओल्या खोबऱ्याचं दूध, कुस्करलेलं अंडं, असं थोडं थोडं चार वेळा भरवायला लागतं, आणि एकेका वेळेला अर्धा तास जातो. आमची सेविका दीड महिना रोज दुपारी त्या घरी जाऊन बसली. दुसरं काही केलं नाही, आजीच्या हातून भरवून घेतलं. पट्टी हिरव्यावर आली. पण एका सेविकेला अशी किती घरं पुरी पडणार? तिला मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप भरायचं असतं, सर्वेक्षणं असतात, मानधन किती ते तुम्हाला माहीत असेलच.

हे फक्त माझं म्हणणं नाही. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना पुरेसा आणि पुरेशा वेळा आहार मिळतो का, हेही कुटुंब आरोग्य पाहणी विचारते. महाराष्ट्रात शंभरातल्या दहा मुलांनाही तो मिळत नाही. कोणाचाही विश्वास बसत नाही, कारण घरोघर जेवण शिजतंच. उलट बाजूही आहे. २००५ मध्ये राज्याचं कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, दोन वर्षांच्या आतल्या मुलांकडे सगळ्यांचं लक्ष वळलं, आणि २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात त्या वयातलं खुजेपण ३९ टक्क्यांवरून २३-२४ च्या आसपास आलेलं दिसलं. म्हणजे मन लावलं तर हलतं. पुढे ते लक्ष टिकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

'कोकणात कुपोषण नाही' याबद्दल. आमच्याकडे मेळघाटासारखं चित्र नाही, हे खरं. पण कोणाला मोजलंय ते विचारा. देवगडच्या आंबा बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, दिवाळीनंतर येतात, मे संपला की जातात. बागेतल्या शेडमध्ये दोन-तीन वर्षांची पोरं असतात. चिरेखाणींवर परजिल्ह्यांतले मजूर असतात. रायगडात कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात, ती थेट पावसाच्या तोंडाला परततात. ही पोरं नोंदीत यायला कागद लागतात, कागद येईपर्यंत कुटुंब हललेलं असतं. माझ्या भागातली सगळ्यांत लुकडी मुलं मी गावच्या यादीत नाही पाहिली, बागेत पाहिली.

आणि गावची यादी तर आटत चाललीय. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या पावणेपाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांनी घटली. आमच्या जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागे १०३६ बायका. लोक कौतुक करतात, पण त्याचं कारण पुरुष मुंबईत आहेत. शून्य ते सहा वयोगट पाहिला तर हजार मुलग्यांमागे ९२२ मुली. राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर उतरला होता. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, आपल्याच राज्याने केला होता. हे लिहिताना जड जातं.

पोरं कमी झाली की शाळेचा पट पडतो. चार मुलं, एक शिक्षक, असं चित्र आमच्याकडे नवं नाही. तिसरीत एकटीच मुलगी असली की तिला लंगडी खेळायला जोडीदार नाही, भांडायलाही कोणी नाही. घरी आजी, शाळेत बाई, हातात मोबाइल. शाळा बंद करून दूरच्या मोठ्या शाळेत न्या, असं सांगणाऱ्यांनी जुलैत एकदा सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरून, चालून पाहावं. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला कोविडमुळे बंद असलेले ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग उघडले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत लांबला. मुलींचा एसटी पास बारावीपर्यंत मोफत आहे, पण गाडीच नाही तर पास काय करायचा? माझ्या ओळखीतल्या दोन मुली तेव्हा घरी बसल्या त्या बसल्याच.

निकालाचं म्हणाल तर कोकण मंडळ २०१२ मध्ये स्वतंत्र झालं आणि तेव्हापासून पहिलं आहे. २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. त्यामागे शिक्षकांचे कष्ट आहेत, घरातलं शिकायचं वळण आहे, मला अभिमान आहे. पण दहावी-बारावीच्या पुढचं पोर या किनाऱ्यावर राहत नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडचे तरुण पहाटे मोटरसायकलवर गोव्यातल्या औषध कंपन्यांत जातात, रात्री येतात. बाकीचे मुंबई-पुण्याला दहा बाय दहाच्या खोलीत चौघे. त्यांचं काय चाललंय हे घरी कळत नाही, ते 'बरं चाललंय' एवढंच सांगतात.

राज्याचा यातला आकडा मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. त्यातले १,७६४ विद्यार्थी होते, तेही देशात सर्वाधिक. जी मुलं आपण जन्माच्या वेळी वाचवली, लसी दिल्या, काट्यावर ठेवली, त्यांच्यातलीच ही. यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात गप्प झालेलं पोर असेल तर आजच त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि हा क्रमांकही द्या.

तुम्ही याच विषयावर अभ्यास करताय असं लिहिलंय. आमच्याकडे यायचं असेल तर गणपतीत येऊ नका, तेव्हा वाडीत चाळीस पोरं दिसतील, सगळी चांगल्या कपड्यांत. चाकरमानी परत गेले की आठ-दहा दिवसांनी या, अंगणवाडीत वजनाचा दिवस विचारून. सात-आठ मुलं असतील. सेविकेला विचारा, यातलं कोणाचं मूल दुपारी कोणाच्या हातचं जेवतं. मग आंब्याच्या हंगामात परत या, आणि तिच्याबरोबर बागेतल्या शेडपर्यंत चालत जा.