सैन्यातून निवृत्त होताना निरोप समारंभ हा जवानाचा हक्क असतो का?

तुमचे वडील मार्चअखेर हवालदार म्हणून निवृत्त होतायत, युनिटमध्ये कार्यक्रमाचं कोणी काही बोलत नाही, तर समारंभ हा त्यांचा हक्क आहे का आणि नाही झाला तर दाद कुठे मागायची, असं तुम्ही विचारलंय.

हक्क नाही. पेन्शन, ग्रॅच्युइटी, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, कँटीन, सेवेत कमावलेली पदकं हे हक्काचं. मंदिर परेड म्हणजे पलटणीने मंदिरात एकत्र जमणं, बडाखाना म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, हार-फेटा, गाडीला दोर बांधून साहेबांना गेटपर्यंत ओढत नेणं, ही पलटणीची रीत आहे. ती पाळली नाही म्हणून दाद मागायला कुठे जागा नाही. पण ती व्हावी असं आधी सांगता येतं, आणि सांगावंच. यात लाजण्यासारखं काही नाही.

आमचे मिस्टर २४ वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणूनच घरी आले. त्यांच्या युनिटमध्ये कोणीही पेन्शनला निघालं की तयारी यांच्याकडे असायची. एसएम साहेब, म्हणजे सुभेदार मेजर, पेन्शनला गेले तेव्हा जिप्सीला झेंडूच्या माळा यांनी बांधल्या, दोर यांनी आणले, बडाखान्याला मटण किती लागेल याचा हिशोब यांचा. फोटो आम्हाला यायचे. मुलगी म्हणायची, पप्पांची गाडी ओढतील तेव्हा आपण जायचं. मी साडी बाजूला काढून ठेवली होती.

यांची वेळ आली तेव्हा युनिट फील्डमध्ये, म्हणजे सीमेकडच्या भागात, त्यात दुसरीकडे हलायची गडबड. लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, मागे चहा-पकोडे झाले, चार जणांनी मिठी मारली, झालं. तिथून रेजिमेंटच्या सेंटरला, सेंटरमध्ये एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सह्या, आणि झेलमने पुणे. गाडी नेहमीसारखी उशिरा. स्टेशनवर मी आणि मुलगी. काळी ट्रंक रिक्षात मावेना म्हणून दुसरी रिक्षा केली आणि विश्रांतवाडीला आलो. युनिटचं चिन्ह असलेली लाकडी ढाल बऱ्याच महिन्यांनी सुट्टीवर आलेल्या एका जवानाबरोबर आली. यांनी ती कपाटात ठेवून दिली. यांनी कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. मी केली.

तेव्हा थोरले दीर जेवायला आले होते. म्हणाले, “सरकारने पगार दिला, जन्मभर पेन्शन देतंय. आता हार कशाला पाहिजेत? मागून घेतलेला मान म्हणजे भीक.” दीर स्वतः शिक्षक होते. त्यांच्या निवृत्तीला हॉल घेतला होता, सपत्नीक सत्कार, शाल, श्रीफळ, चांदीचा गणपती, दोन तास भाषणं. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याचं मनापासून बरं वाटलं होतं, कारण त्यांनी घर सांभाळलं होतं. मग मी काय केलं? यांच्या पोस्टिंगमध्ये सासूबाईंचं ऑपरेशन, मुलीची शाळा, गळकं छप्पर, सगळं एकटीने. बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस वर्दी उतरवून घरी येतो. त्याच्या पलटणीने त्याच्या बायकामुलांसमोर एकदा म्हणावं की हा आमचा चांगला माणूस होता. पेन्शनच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं की झेंडा यांच्या हातून लावा. ते म्हणाले, मग सगळेच मागतील. म्हटलं, मागू देत. हे ब्लेझरवर ९ आणि २० वर्षांच्या सेवेची पदकं लावून उभे राहिले. त्यानंतर कळलं की आमच्या तीन इमारतींत आणखी किती तरी माजी सैनिक आहेत. आता दरवर्षी त्यांच्यातला एक जण झेंडा लावतो. पुण्यातल्या लोकांना सैनिकांचं काही पडलेलं नाही, असं दीर म्हणतात ते मला पटत नाही. कॅम्पाजवळचं युद्ध स्मारक १९९८ ला उभं राहिलं ते लोकांच्या वर्गणीतून. लोकांना सांगितलं की लोक करतात. सांगायला कोणी तरी लागतं.

म्हणून वडिलांना विचारत बसू नका, ते नकोच म्हणतील. आईंना एसएम साहेबांशी बोलायला सांगा, आणि आत्ताच, मार्च उजाडायची वाट पाहू नका. महिनाअखेरीला वडील सेंटरला असतील आणि युनिटमधले हात तिथे नसतील. पीस स्टेशन, म्हणजे कुटुंबाला जाता येईल अशी जागा, असेल तर तुम्ही सगळे जा, सुट्टी काढून जा.

युनिट फील्डमध्ये असेल तर मात्र हट्ट धरू नका, तिथे कुटुंबाला जाता येत नाही आणि त्यांनाही दुसरी कामं असतात. मग गावात करा. सातारा, सांगलीकडे जवानाला उघड्या जीपमधून वाजतगाजत घरी आणतात, ते मला फार आवडतं. मी सगळं जवानांचं सांगतेय. अधिकाऱ्यांचं आणि नेव्ही, एअर फोर्सचं वेगळं असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती यासाठी जावंच लागेल, पण निरोपाची तक्रार तिथे नेऊन उपयोग नाही. पदकं हातात पडली नसतील तर डिस्चार्ज बुकातली नोंद बघून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. काही हवालदारांना निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदार हुद्दा मिळतो, सरसकट नाही, तेही तिथेच विचारा.

आणि कोणी भीक म्हणालं, तर त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीचे फोटो भिंतीवर आहेत का ते आधी बघा.