कुत्र्याचं पिसवांचं औषध मनीला नको

ताई, कुत्र्याचं उरलेलं पिसवांचं औषध मनीला थेंबभरही लावू नका, अगदी कळकळीने सांगते. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजरीचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. चुकून लागलंच तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन तडक डॉक्टर गाठा. नुकतं औषध लावलेल्या कुत्र्याला तिने चाटलं तरी धोका आहे.

मांजरांसाठीचं फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन हे पिसवांचं औषध डॉक्टरांना वजन सांगूनच घ्या. मानेमागे केस बाजूला करून कातडीवर लावा, तिथे तिची जीभ पोचत नाही. ८ आठवड्यांखालच्या पिल्लाला मी फक्त उवांची फणी फिरवते. गोधड्याही गरम पाण्यात धुवा, अंडी तिथेच गळतात.