हेड पोर्ट करायच्या आधी

प्रश्न : जुनी मारुती एस्टीम (एमपीएफआय) घेतली आहे. आधी कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (शर्यत नाही, नुसती ट्रॅकवर गाडी पळवायचा दिवस) उतरवायची, जमलं तर पुढे शर्यतीत. गाडी सोडून हाताशी दोन लाख आहेत. मेकॅनिक म्हणतो, आधी हेड पोर्ट करून (इंजिनाच्या माथ्यातल्या हवेच्या वाटा घासून मोकळ्या करून) कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलू. करू का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. ८५ अश्वशक्तीचं ते १२९८ सीसीचं इंजिन हलक्या गाडीला सुरुवातीला पुरून उरतं. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब होतो ते, तपासा: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तरच हेड खोला. टायमिंग बेल्ट मात्र न बघताच बदला.

इंजिनावर खर्च करायचाच तर इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरवर करा. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, ऑइल खेचणारा स्ट्रेनर हवा ओढतो, प्रेशरचा दिवा क्षणभर लुकलुकतो. त्या क्षणभरात बेअरिंग खरवडलं जातं. चेंबर उतरवून स्ट्रेनरभोवती पत्र्याचे आडोसे वेल्ड करून घ्या. तळाशी ऑइल आत यायला फट ठेवा. काही जण आडोशांऐवजी अर्धा लिटर ऑइल जास्त भरतात. पातळी फार चढली तर क्रँक (इंजिनाचा फिरता मुख्य दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि प्रेशर पुन्हा पडतं.

मग पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल. स्ट्रट (शॉकचा खांब) आणि नकल (चाक धरणारा भाग) यांच्या जोडावरचा वरचा बोल्ट काढून तिथे कॅम्बर बोल्ट (हा कल बदलू देणारा) घाला. उणे, म्हणजे चाकाचा माथा आत, दोन ते अडीच अंशांपर्यंत जायचं. पाच-सहा लॅप मारून पिटमध्ये आल्या आल्या टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी मोजा. बाहेरची कड जास्त तापली तर कॅम्बर कमी पडतोय. मधला भाग तापला तर टायरात हवा जास्त आहे.

शर्यतीला एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स लागतं. ज्या गटात उतरायचं त्याचे नियम आधी वाचा, पार्ट नंतर घ्या. उलटं केलेल्यांचे कॅम गॅरेजच्या फळीवर धूळ खात पडलेले असतात.

प्रश्न : चौथ्या लॅपला ब्रेक जातात. मोठ्या डिस्क बसवू का? (पुणे)

उत्तर : जातात म्हणजे काय होतं, ते आधी पाहा. पेडल स्पंजासारखं खाली जात असेल तर ब्रेक फ्लुइड उकळतंय. पेडल घट्ट, पण गाडी थांबत नसेल तर डिस्कला आवळणारे पॅड तापून हरलेत. पहिल्या दुखण्याला डिस्क बदलून उपयोग नाही. डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३०, पाणी शोषल्यावर १५५ अंशांवर येतो. म्हणून ट्रॅकला जायच्या आठवड्यात जुनं फ्लुइड पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. ते यात मिसळू नका. पॅडचं दुखणं असेल तर ट्रॅकचे पॅड आणि डिस्क थंड ठेवायला बंपरपासून तिच्या मध्यापर्यंत हवेची नळी बसवा. शेवटचा लॅप सावकाश मारा, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका.

प्रश्न : गावातल्या फॅब्रिकेटरकडून रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) करून घेतला तर चालेल? (सांगली)

उत्तर : हात चांगला असेल तर चालेल, घोळ होतो तो पाइपात. त्याच्याकडे बहुधा ईआरडब्ल्यू, म्हणजे शिवणीचा पाइप असतो. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढून केलेला बिनशिवणीचा पाइप लागतो: सीटमागच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. केजचे पाय नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यावर टेकवू नका. खाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी. वेल्डिंग पाइपच्या पूर्ण घेराला लागतं. छताला चिकटलेल्या सांध्यांची वरची बाजू नेमकी राहून जाते, कारण वेल्डिंगचा टॉर्च तिथे शिरत नाही. उपाय असा: पायांखाली फ्लोअरला भोकं पाडून केज खाली सोडायचा, वरचे सांधे पूर्ण करायचे, मग केज उचलून खाली प्लेटा वेल्ड करायच्या.