वरातीतून आणलेली, अंगाला हात लावू न देणारी घोडी सवारीसाठी भरवशाची होईल का?

होय, बहुतेक घोड्या होतात. मात्र तिला खोगीर न चढवता अगदी पहिल्यापासून शिकवावे लागते आणि त्यात काही महिने जातात. लग्नसराई संपल्यावर आमच्या यवतमाळकडच्या गावांत विकायला निघालेली अशी जनावरे मी हाताळतो, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. अंगावर बसू न देणे हा पुष्कळदा हट्ट नसून दुखणे असते, म्हणून प्रथम पशुवैद्यकाकडून पाठ, दात व खूर पाहून घ्यावेत आणि सर्रा या रक्तातल्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगासाठी रक्त तपासून घ्यावे. तोंडात काटेरी लगाम असेल तर तो काढून टाकावा (१९६५ च्या केंद्रीय नियमांनी त्याला मनाईच आहे). त्यानंतर रोज थोडा वेळ खरारा करावा आणि दोरीने चालवावे. ती एक पाऊल पुढे आली की त्याच क्षणी दोरी सैल सोडावी, कारण घोडा ताणाने नव्हे तर ताण सुटल्याने शिकतो, आणि सोडायला उशीर झाला तर तो चुकीचीच गोष्ट शिकतो. जवळ जाताना खांद्याच्या बाजूने जावे. कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे तिला दिसत नाही. न बांधताही ती शांत उभी राहू लागली म्हणजे मगच खोगीर, आणि बऱ्याच दिवसांनी स्वार. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकावे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: बँड आणि फटाक्यांची धास्ती काही घोड्यांच्या मनातून कधीच पूर्ण जात नाही, आणि मागच्या पायांवर उभी होणारी घोडी नवशिक्याने हाती घेऊच नये.