स्कॅन करताना ४ जीबीचा कॉम्प्युटर हँग होतो, रॅम वाढवू का?

भाऊ, थांबा, आधी हिशेब पाहा. तुम्ही लिहिलंय की जुने फेरफार ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन करता, चाळीसेक पानांवर मशीन अडकतं, आणि सेव्ह झालेली फाईल मात्र जेमतेम काही एमबीची असते. मीही दारव्ह्याकडे सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे हा त्रास ओळखीचा आहे.

फाईल लहान दिसते, कारण सेव्ह होताना चित्र दाबलं जातं. पान उघडं असेपर्यंत रंगीत चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे २६ एमबी. ६०० केलं की सरळ चौपट, १०४ एमबी. बरीच सॉफ्टवेअरं सेव्ह करेपर्यंत सगळी पानं मेमरीतच, म्हणजे रॅममध्येच, धरून ठेवतात. अशी चाळीस पानं म्हटली की ४ जीबी तिथंच संपले. मग विंडोज हार्डडिस्कवर सामान हलवत बसतं आणि माउससुद्धा हलत नाही.

३०० डीपीआय आणि ग्रेस्केल (रंगाऐवजी राखाडी छटा) ठेवा, पान ९ एमबीच्या आत येतं. वाचायला ते भरपूर झालं. शिक्क्याचा रंग दिसायलाच हवा, तेवढंच पान रंगीत घ्या. निव्वळ काळं-पांढरं सुमारे १ एमबीत मावतं, पण जुन्या फेरफारावर ते करू नका. पुसट शाई उडून जाते, आणि नेमक्या त्याच नोंदीवर कुणाचा तरी वारसहक्क अडलेला असतो.

दहा-दहा पानांनी सेव्ह करा, पीडीएफ नंतर जोडा. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखण्याची सोय) चालू असेल तर स्कॅन करताना बंद ठेवा.

आता टास्क मॅनेजर उघडून बघा. फाईल बंद केल्यावरही मेमरी खाली येत नसेल, दर गठ्ठ्याला चढतच असेल, तर सॉफ्टवेअरच ती सोडत नाहीये. नवी आवृत्ती टाका. तोवर प्रत्येक गठ्ठ्यानंतर ते बंद करून पुन्हा उघडा. पीक विम्याची मुदत जवळ आली की बाकावर मजुरी पाडून आलेली माणसं बसलेली असतात. त्यांना रीस्टार्टची वाट पाहायला लावणं मला पटत नाही.

टास्क मॅनेजरमध्येच सॉफ्टवेअरच्या नावापुढे ३२ बिट लिहिलंय का तेही पाहा. तसं सॉफ्टवेअर सहसा २ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, रॅम कितीही टाका. ते ६४ बिट असेल आणि एवढं करूनही मेमरी भरत असेल, तर मात्र ८ जीबी करून घ्या.